पितरांमागची भिंत

स्वी लान बाजारात आली की मासळीवाल्या आपापल्या पाट्यांवर आधीच पाणी मारून घेतात. ती येणार, कोळंबीवर वाकणार, नाक मुरडणार आणि "शी, कालची दिसतेय" म्हणून पुढे सरकणार. कोळंबी पहाटे होडीतून उतरलेली असली तरी म्हणणार. बाईची साठी उलटली, केस पांढरे झाले, पण कपाळावरची आठी काही उलगडली नाही. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर सांगते, "बघायला आलेल्यांचे कान मी मागून बघितले होते." जावाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सगळ्या लासेम गावाला हे उत्तर पाठ आहे.

आता कुणी म्हणेल, एवढी किळस बरी नव्हे. पण त्या किळसेवरच तर बाईचं पोट चाललं. ती योपिया भाजते. वर खुसखुशीत, आत पोकळ आणि तळाला काळ्या गुळाचा थर, अशी ती फुगीर पोळी आमच्याकडे पन्नास घरं करत असतील. पण लान करते ती वेगळी. ती पीठ तीनदा चाळते, पाट उकळत्या पाण्याने धुते, मळताना तोंडाला फडकं बांधते आणि त्या वेळी कुणी बोलायला आलं तर हातानेच हाकलते. शेजारच्या रेम्बांग शहरातल्या बायका 'चिक लान', म्हणजे लानताई, करत मोटारीतून तिच्याकडे येतात ते एवढ्यासाठीच. तिच्या योपियात कधी केस निघाला नाही, मुंगी निघाली नाही. आणि निघायला लागली ती भिंत.

घर विटांचं, जुनं, जाड भिंतींचं. मधल्या दालनात पितरांचा देव्हारा आहे: लाल लाकडाचं उंच मेज, त्यावर आईवडलांचे फोटो, उदबत्त्यांचं भांडं, दोन दिवे. हे मेज मागच्या भिंतीला टेकलेलं. त्याच दालनात, गारवा असतो म्हणून, लानचा कणीक मळायचा पाट. आणि त्या मागच्या भिंतीचं काय सांगावं. ती भिंत कसली, घराला उठलेलं गळू होतं ते. गुडघ्यापर्यंत ओल, कमरेपर्यंत लोणा, त्याच्यावर पोटासारखा सुटलेला गिलावा. बोट लावलं की पापुद्रा गळायचा आणि आतून पिठासारखी पांढरी पूड भुरभुरायची, जिभेला खारट. एक भेग तर आडव्या तुळईपासून निघून थेट वडलांच्या फोटोच्या डोक्यावर येऊन थांबली होती. आणि वास. कोंबड्यांचं खुराडं पावसात भिजलं की येतो तसला.

तो वास तिच्या थोरल्या भावाची मिळकत. थ्याम त्याचं नाव. बायको गेल्यावर सुराबायाहून परत आला तो डोक्यात पाकोळ्या घेऊनच. ही चिमणीएवढी काळी पाखरं लाळेची घरटी बांधतात, चीनमध्ये लोक सोन्याच्या भावाने घेऊन त्या घरट्यांचं सूप करतात, हे लासेममध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. निम्म्या गावाने आपली घरं त्यांना देऊन टाकलीत. शिवाय समजूत अशी की पाकोळी कुठल्याही घरात शिरत नाही, भाग्यवान घर स्वतः निवडते. थ्यामला कधी कुणी निवडलं नव्हतं, ना नोकरीत, ना धंद्यात. त्याने देव्हाऱ्यामागची खोली, म्हणजे आईवडलांची निजायची खोली, रिकामी केली. खिडक्या बुजवल्या, वरती एक भोक ठेवलं, छताला फळ्या ठोकल्या. गुहेसारखी ओल हवी म्हणून आत पाण्याचा फवारा बसवला. आणि पाकोळ्यांना बोलवायला कर्ण्यावर पाकोळ्यांच्याच आवाजाची टेप, दिवसभर, चिर्र चिर्र चिर्र. ती आम्हाला रस्त्यापलीकडे ऐकू यायची. लानला तर कणीक मळताना थेट कानात.

पाकोळ्या आल्या. खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी भरपूर आल्या, आणि थ्याम गल्लीतून असा चालायला लागला की जणू त्यानेच त्यांची अंडी घातलीत.

त्यानंतर घरात ठोकाठोक बंद. चुन्याचा वास बंद. पाकोळी बिथरली की परत येत नाही, असं त्याला त्याच्या पाकोळीवाल्या मित्रांनी सांगितलं होतं. थोरल्या भावाला आमच्यात कोह म्हणतात. लान म्हणाली, "कोह, भिंत फुगतेय."

"फुगू दे. घर जुनं आहे."

"पूड पिठात पडतेय."

"पाट हलव ना मग."

"पाट हलवू? तुझ्या त्या हगऱ्या पाखरांसाठी मी पाट हलवू?"

शेवटी त्यानेच उपाय केला. बाजारातून फोमचे चिकटवायचे कागद आणले, पांढऱ्या विटांचं चित्र असलेले, आणि फुगलेल्या भिंतीवर लावून टाकले. विटांच्या भिंतीवर विटांचं चित्र. लानने ते बघितलं आणि त्या दिवशी जेवली नाही. एका पावसाळ्यात कागदाच्या कडा सुटल्या, आत हिरवी-काळी बुरशी, आणि बुरशीत झुरळांची अंडी डाळीसारखी चिकटलेली. तिने हातमोजे घालून सगळं ओरबाडून काढलं, अंगणात जाळलं आणि भावाला म्हणाली, "आता गवंडी येणार."

गवंडी यायचा तर मेज हलवावं लागणार, आणि पितरांचं मेज विचारल्याशिवाय हलवत नाहीत. आम्हा चिनी घरांत कौल लावतात. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे असतात, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने गोल. उदबत्ती लावायची, प्रश्न विचारायचा, तुकडे जमिनीवर टाकायचे. एक पालथा, एक उताणा पडला तर होकार. दोन्ही पालथे तर नकार. आणि दोन्ही उताणे पडले, सपाट अंग वर, तर पितर हसले. म्हणजे तुमचा प्रश्नच त्यांना हसण्यासारखा वाटला. तीनदा टाकायचं, आणि तीनदा हसले तर त्या वर्षी तो विषय पुन्हा काढायचा नाही.

घरातला कर्ता पुरुष म्हणून थ्यामने टाकले. खडखड, दोन्ही उताणे. पुन्हा, दोन्ही उताणे. तिसऱ्यांदा तेच.

"हसतायत," थ्याम म्हणाला. त्याला बरं वाटलेलं लपवता आलं नाही.

पुढच्या वर्षी थडगी साफ करायच्या दिवसांत पुन्हा कौल लावला. पुन्हा हसले. त्याच्या पुढच्या वर्षीही हसले. कुणी म्हणेल, बाईने ऐकलं कशाला? सरळ हलवायचं मेज. ते तुम्ही म्हणणार. आईचा फोटो समोर ठेवून तिला विचारलं आणि ती हसली, तर तुम्ही काय कराल? लानने ऐकलं. पण आईला तिने माफ केलं नाही. सकाळी उदबत्ती लावायची ती तोंड फिरवून. चहाची वाटी फोटोपुढे आदळायची. म्हणायची, "पी. आणि हस." जिने हिला नाक शिंकरायला शिकवलं, वाटी विसळायला शिकवलं, ती हिच्या पिठात माती पडताना बघून हसते, ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना. शेवटची दोन-तीन वर्षं तर तिने आईच्या आवडीचे वाटाणे नैवेद्याला ठेवायचेच सोडले.

तिकडे पूड पडतच होती. लानने पाटावर मच्छरदाणी टांगली. पीठ तीनदा चाळायची ते पाचदा चाळायला लागली. तरी रेम्बांगच्या एका गिऱ्हाईकाने यंदा येऊन हळूच सांगितलं, "चिक लान, रागावू नका, पण दाताखाली कचकच लागते हो." त्या रात्री लानने आपल्या बहिणीच्या मुलीला फोन केला. सुराबायाची ही भाची केव्हाची मागे लागली होती: ये आमच्याकडे राहायला, मुलं सांभाळ. दहाव्या मजल्यावरचं घर, दुसऱ्याचं स्वयंपाकघर, दुसऱ्याच्या मुलांचे शेंबूड. लान फोनवर म्हणाली, "बघते." ती बघते म्हणाली हे ऐकून भाची घाबरली, कारण आजवर ती फक्त "शी" म्हणाली होती. म्हणजे आता अशी गत होती की भिंत राहिली तर योपिया बंद, आणि योपिया बंद तर लान या गावातून उठली.

यंदाही कौल लावला आणि यंदाही पितर हसले. दुसऱ्या दिवशी लान देव्हारा पुसत होती. मेजावर भिंतीतली पूड साचलेली, तिच्यात ते दोन तुकडे पडलेले. तिने एक उचलून फडक्याने पुसला तो बोटांत चेपला. कडेचं लाकूड पापडासारखं मोडलं आणि आतून भुसा आणि पाच-सहा पांढऱ्या वाळव्या तिच्या तळहातावर पडल्या. लानने हात झटकला. नंतर, आणि हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं, ती खाली बसली आणि वाळव्यांचा विचार न करता तो तुकडा नीट बघितला. वर्षानुवर्षं सपाट अंग खाली ठेवलेलं, ओल्या मेजावर. वाळवी खालून शिरली होती. सपाट अंगाकडचं लाकूड पोखरून गेलेलं, गोल अंगाकडचं शाबूत. दुसराही तसाच. जड बाजू खाली जाणार, हलकी वर येणार. तिने टाकून पाहिले. उताणे. पुन्हा टाकले. उताणे. दहा वेळा टाकले असतील.

कुणी हसत नव्हतं. भिंतीची ओल हसत होती.

आम्ही शेजारणी खिडकीतून बघत होतो, वाटलं फोटोपुढे बसून रडतेय. रडत नव्हती. उठली, बाजारात गेली, वाटाणे आणले, भाजले, वाटीत घालून आईपुढे ठेवले आणि वाटी आदळली नाही.

थ्याम ओसरीवर बसून सिगारेटला कॉफीचा गाळ फासत होता. आमच्या गावचा हा शौक, काडीने गाळाची नक्षी काढायची आणि मग ओढायची. लानने मोडका तुकडा त्याच्या बशीत टाकला.

"हे घे तुझे हसणारे आईबाप."

त्याने बघितलं. त्याला कळलं. पण म्हणाला, "मग देवळातून नवे आणू. पुढच्या वर्षी विचारू."

"उद्या सार्पिन येतोय."

"लान, पाकोळ्या जातील."

"जाऊ देत. तुला हवं तर त्यांच्याबरोबर तूही जा."

सार्पिन आमचा इथलाच जावानीज गवंडी, बोलण्यात कामापेक्षा जास्त तरबेज. सकाळी आला, थापीच्या मुठीने भिंतीवर ठोकत गेला. डब डब डब. "चिक लान, ही भिंत फक्त लाजेखातर उभी आहे," तो म्हणाला. "आत काही नाही. एवढी वर्षं काय करत होतात?"

"पाखरं पाळत होतो," लान म्हणाली.

मेज उचलायला थ्याम आला नाही. अंगणात पाठ करून उभा राहिला. लान आणि सार्पिननेच ते सरकवलं, फोटो आधी उतरवून, स्वच्छ चादरीत गुंडाळून. सार्पिनने तुळईखाली दोन बांबूंचे टेकू दिले आणि छिन्नी लावली. गिलावा तर लावताच खाली आला, परातभर नव्हे, पाटीभर. त्यामागच्या विटा ओल्या बिस्किटासारख्या. चुना केव्हाच वाहून गेलेला, विटांच्या दर्जांमध्ये, म्हणजे सांध्यांत, नुसती वाळू. सार्पिन एकेक वीट काढून खाली ठेवत होता, आणि चौथी की पाचवी काढली तसा आतून एक लोंढा आला.

मी सांगते ते जेवताना वाचू नका. ती घाण होती. काळी, ओली, छातीइतकी उंच साचलेली, भिंतीला रेलून बसलेली. भोक मिळताच ती दालनात उतरली, लानच्या पाटापर्यंत. तिच्यात झुरळं होती, एक-दोन नव्हे, घाणच चालत असल्यासारखी. ती विटांवरून, सार्पिनच्या हातावरून, मेजाच्या पायांवरून वर चढली. सार्पिनने अल्लाचं नाव घेतलं आणि बाजूला होऊन ओकला. टेपचा आवाज आता उघड्यावर आला, कान फाटतील असा. चिर्र चिर्र चिर्र. आणि त्या भोकातून पंखांची फडफड झाली, आणि दोन वटवाघळं बाहेर येऊन दालनात आंधळ्यासारखी भिरभिरली.

लान हलली नाही. हातात टॉर्च होता. तिने तो भोकातून आत घातला आणि छताच्या फळ्यांवरून फिरवला. फळ्यांना वटवाघळं लटकलेली, द्राक्षांच्या घडांसारखी. घरटं एकही नाही. जुन्या घरट्यांचे पिवळे डाग होते, तेवढेच. पाकोळी एक नव्हती.

ती अंगणात गेली. "पाकोळ्या कुठायत, कोह?"

थ्यामने सिगारेट पेटवली.

"चरायला गेल्या असतील, संध्याकाळी येतील," आतून सार्पिन तोंड पुसत म्हणाला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"तुला माहीत होतं," लान म्हणाली.

"वटवाघळं शिरली. मग त्या गेल्या."

"कधी?"

"झाली असतील दोन वर्षं."

"आणि तू टेप लावून ठेवलीस. पाणी मारत राहिलास."

"वाटलं परत येतील."

"ते महिनाभर वाटलं असेल. नंतर?"

थ्यामने सिगारेट चुरगाळली. सत्तरीला टेकलेला माणूस, पण उत्तर न आलेल्या पोरासारखा उभा. "नंतर काय सांगणार होतो तुला? तू हसली असतीस."

दोन वर्षं. दोन वर्षं ती बाई मच्छरदाणीखाली बसून, पाच-पाच वेळा चाळून, वटवाघळांच्या घाणीत मुरलेल्या भिंतीची पूड पिठातून काढत होती, आणि जी निघाली नाही ती मळून, भाजून, रेम्बांगच्या बायकांना डब्यांत भरून देत होती. कशासाठी? पाखरांसाठी नव्हे. रिकाम्या खोलीसाठी. या गृहस्थाला बहिणीने हसू नये म्हणून. मला तर त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि मी नुसती शेजारीण.

लानने दिली नाही. ती आत गेली. सकाळी मळून ठेवलेली कणीक परातीसकट उचलली आणि मागच्या गटारात उपडी केली. भाजून ठेवलेल्या योपियाचे डबे आणले, तेही उपडे केले. सगळे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटातली घाण जिने लांबून ओळखली, तिने स्वतःच्या हाताने लोकांना घाण चारली, हे तिला उभ्या उभ्या समजत होतं, आणि आम्ही बघणाऱ्यांनीही मान खाली घातली. मग तिने पडवीत जाऊन टेपची वायर भिंतीतून ओढून काढली. कितीतरी वर्षांनी गल्ली गप्प झाली, आणि ती शांतता आम्हाला चमत्कारिक वाटली.

परत येताना तिने एक फडकं आणि एक घमेलं आणलं. दोन्ही भावापुढे धरली.

"तोंडाला बांध. आणि भर."

त्याने भरलं. आठवडाभर तो ती खोली उपसत होता, गुडघ्याएवढ्या घाणीत उभा राहून, आणि ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. सार्पिनने सडक्या विटा काढून नव्या बसवल्या, दर्जा भरल्या, चुना, वाळू आणि विटांच्या सुरखीचा गिलावा केला, सिमेंटचं नाव काढू दिलं नाही तिने. वाळेपर्यंत खोलीची दारं-खिडक्या सताड उघडी ठेवली. रेम्बांगच्या गिऱ्हाइकांना तिने एकेकीला फोन करून खरं काय ते सांगितलं, एक शब्द गाळला नाही. दोघी-तिघींनी पुन्हा तोंड दाखवलं नाही. बाकीच्या म्हणाल्या, भिंत झाली की कळवा.

भिंत झाली. पांढरी, सरळ, कोरडी. मेज परत लागलं, फोटो परत लागले. त्या दुपारी थ्याम बॅग भरून दालनात आला. इस्त्रीचा सदरा घातलेला. "भाचीला फोन केलाय," तो म्हणाला. "ती तुला बोलावत होती, म्हटलं मीच जातो. मुलं सांभाळेन."

लान पाटाशी बसून नवं पीठ चाळत होती. तोंडाचं फडकं तिने खाली ओढलं. "माझ्याकडे बघ."

त्याने बघितलं.

"हसतेय मी?"

"नाही."

"मग बॅग ठेव आत. आणि हात धू. साबणाने, कोपरापर्यंत. तुला कणीक मळायला घ्यायचीय, त्या घाणीनंतर माझे हात मला चालत नाहीत."